राजम्याचे डिप : आधी उकळी, मग मिक्सर

उन्हाळ्याच्या सुटीत संध्याकाळचे पाच वाजले, की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : खायला काय? वेफर्सचे पाकीट आणि बाटलीतले मेयोनीज हे त्याचे सोपे उत्तर. पण वाटीभर राजमा, काकडी, ढोबळी मिरची आणि कैरी घरात असेल, तर उत्तम डिप, म्हणजे बुडवून खायची घट्ट चटणी, घरीच तयार होते. कृती अवघड नाही. मात्र त्यातली एक पायरी अजिबात गाळता येत नाही.

शिजवलेल्या १०० ग्रॅम राजम्यात साधारण ८ ते ९ ग्रॅम प्रथिने आणि ६ ते ७ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते आणि रक्तातील साखर हळूहळू वाढते. कडधान्यातले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत क जीवनसत्त्व असले, की ते अधिक शोषले जाते. कैरी, टोमॅटो आणि ढोबळी मिरची हे काम करतात. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, म्हणून उन्हाळ्यात तिची जोड चांगली.

आता त्या महत्त्वाच्या पायरीविषयी. राजम्यात ‘फायटोहिमॅग्लुटिनिन’ हा लेक्टिन प्रकारचा नैसर्गिक घटक असतो. तो लाल राजम्यात सर्वाधिक असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार, कच्च्या लाल राजम्यात त्याचे प्रमाण २० हजार ते ७० हजार एकक असते, तर पूर्ण शिजल्यावर ते २०० ते ४०० एककांवर येते. कच्चे चार-पाच दाणेही त्रासाला पुरेसे ठरू शकतात. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या आणि नंतर जुलाब सुरू होतात. बहुतेकांना काही तासांत आराम पडतो. पण उन्हाळ्यात लहान मुले आणि वृद्धांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊ शकते.

अर्धवट शिजलेला राजमा तर अधिक घातक. ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेल्या राजम्याची विषारकता कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकते. म्हणूनच मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो थेट शिजवू नये. आपल्याकडे मोड आलेले मूग कच्चे खाण्याची सवय आहे. ती राजम्याला लावू नये. मोड आणल्याने हा धोका पूर्णपणे जात नाही. कोरेगाव परिसरातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा हाही राजम्याचाच भाऊबंद. त्यामुळे त्यालाही हाच नियम.

एक वाटी राजमा आठ तास भिजवावा. उकाडा फार असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. भिजवलेले पाणी फेकून द्यावे. त्यामुळे पोटात वायू धरण्याचा त्रासही थोडा कमी होतो. ताज्या पाण्यात राजमा १० मिनिटे खळखळून उकळावा, ते पाणीही ओतून द्यावे आणि नवे पाणी घालून कुकरला लावावा. कुकरमधले तापमान १०० अंशांच्या वर जाते, म्हणून ही पद्धत खात्रीची. चार-पाच शिट्यांनंतर वाफ आपोआप जिरू द्यावी. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. नाहीतर आणखी शिट्या काढाव्यात. कैरी किंवा टोमॅटो शिजतानाच घालू नये. आंबटपणामुळे दाणे लवकर मऊ होत नाहीत.

गार झालेला राजमा, दोन चमचे किसलेली कैरी, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा चमचा भाजलेले जिरे, एक चमचा शेंगदाण्याचे तेल आणि बेताचे मीठ मिक्सरमधून फिरवावे. घट्ट वाटल्यास उकळून गार केलेले पाणी घालावे. वरून बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो आणि पुदिना घालावा. सोबत धुऊन उभे कापलेले काकडी, गाजर आणि ढोबळी मिरचीचे तुकडे द्यावेत. भाकरीलाही हे डिप लावून छान लागते.

उन्हाळ्यात डिप बाहेर ठेवून चालत नाही. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर ते तासाभरात संपवावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजमधलेही तीन दिवसांत खाऊन टाकावे. खायचे तेवढेच वेगळ्या वाटीत काढावे. उष्टे उरलेले पुन्हा डब्यात ओतू नये. कडधान्यांची सवय नसलेल्यांनी दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. राजम्यात पोटॅशियम भरपूर असते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सुटीत मुलांना भाज्या कापायला, पुदिना निवडायला बसवता येते. कुकरकडे मात्र मोठ्यांनीच पाहावे आणि मिक्सर लावण्यापूर्वी एक दाणा चिरडून पाहावा.