ज्यूनोचा मोर, येवल्याचा मोर

नाशिकहून सुमारे 80 किलोमीटरवर येवलं. तिथे हातमागावर पैठणीचा पदर चढलेला असेल, तर विणकराच्या बोटांवरून नजर हलत नाही. साध्या कापडात बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. इथे मोराच्या गळ्याचा निळा रेशमी धागा गळ्यापुरताच जातो, कडेला जरीच्या धाग्यात गुंततो आणि माघारी वळतो. चोचीचा रंग वेगळा, पिसाऱ्याचा वेगळा, प्रत्येकाची छोटी कांडी वेगळी. म्हणून पदर उलटा करून पाहिला तरी मोर तितकाच रेखीव!

युरोपातल्या राजवाड्यांच्या भिंती झाकणारी टॅपेस्ट्री मुळात याच युक्तीची. पॅरिसचा गोबेलँ कारखाना 1662मध्ये चौदाव्या लुईच्या राजवटीत उभा राहिला. तिथल्या उभ्या मागावर विणकर कापडाच्या मागच्या बाजूला बसे आणि पुढची बाजू आरशात पाही. त्यातून चित्र मागावर आडवं! देवांचा राजा ज्युपिटर विणून होईपर्यंत कुशीवर पडलेला असे. भिंतीवर टांगला की मगच उभा राही.

1700च्या सुमारास क्लोद ओद्रांच्या आराखड्यांवरून गोबेलँमध्ये देवदेवतांचे दारपडदे विणले गेले. त्यांत ज्युपिटरची राणी ज्यूनो आहे, आणि सोबत तिचा मोर. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली कथा अशी: शंभर डोळ्यांचा पहारेकरी आर्गस मारला गेला, तेव्हा ज्यूनोने त्याचे डोळे उचलून मोराच्या पिसाऱ्यावर बसवले. ही ज्यूनो विवाहाची देवता. आपल्याकडे लग्नात मोराची पैठणी नेसतात. दोघींची कधी गाठभेट नाही, तरी केवढा हा योग! आणि निळा मोर तर मूळचा आपल्याच भूमीतला. ग्रीक-रोमनांकडे तो पूर्वेकडूनच गेला.

मग येवल्याच्या मागावर अख्खे पुराणप्रसंग का रुळले नाहीत? हात कमी पडले म्हणून नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. टॅपेस्ट्री गार दगडी भिंतीवर सपाट पसरते. तिच्यावर रथ, युद्ध, समुद्र, सगळं मावतं. पदर खांद्यावरून वळतो, चुण्यांत दुमडतो, चालताना हलतो. त्यावर आर्गसवधाचा प्रसंग विणला, तर धड एका चुणीत आणि डोकं दुसरीत जायचं. बांगडीच्या गोलात बसवलेला मोर मात्र पदरभर पुन्हा पुन्हा येतो. पदर कसाही पडो, एखादा तरी मोर पुरता दिसतोच.