नदीला विचारा, पण पहाटे!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण आज सांगायची चूक व्याकरणाची नाही, त्याहून मोठी आहे.

टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी कुंडलिका घेतली. रायगडमधली रोह्याची नव्हे, आपली जालन्याची! घाणेवाडी तलावाकडून येते, शहरातून जाताना नाले पोटात घेते, पुढे दुधनेला मिळते. दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. म्हणजे आपण इथे काय सोडतो, ते पार गोदावरीपर्यंत जातं.

हॉस्टेलची सकाळ किती वाजता होते ते तुम्हाला माहीत आहेच. आम्ही शहराच्या खालच्या अंगाला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पाण्यात मासे जगतील का, हे ठरतं त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, म्हणजे डी.ओ.वर. तो मोजायची विंकलर पद्धत १८८८ सालची, पण आजही चालते. बुडबुडा न राहू देता बाटली भरायची आणि नदीकाठीच मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मग लॅबमध्ये आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन. स्टार्चचा निळा रंग गेला की रीडिंग घ्यायचं.

आमचा साका मस्त तपकिरी! शेजारी एक काका कोथिंबिरीच्या जुड्या त्याच पाण्यात धूत होते. त्यांनी विचारलं, "पोरी, पाणी बरं हाय का?" मी ऐटीत सांगितलं, "हो काका, चांगलं आहे."

लॅबमधल्या मामांना बाटली दाखवली. ते एवढंच म्हणाले, "पहाटे जाऊन या एकदा."

पहाटे पाचला गेलो. तीच जागा, तीच रसायनं. पण साका पांढराफटक! आम्हाला वाटलं रसायनंच खराब झाली. दुसरी बाटली भरली, तीही पांढरीच.

कारण सोपं आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी आकडा फुगतो. रात्री ऊन नसतं. तेव्हा शेवाळ आणि जिवाणू मिळून ऑक्सिजन फस्त करतात. मासे मरतात ते पहाटे. म्हणून नमुन्यासोबत जागा, तारीख, वेळ आणि तापमान लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थच नाही.

आणि एकटा डी.ओ. पुरतही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात नदीत आंघोळ करायची तर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम डी.ओ. हवा, पण बी.ओ.डी.ही ३ च्या आत हवी. बी.ओ.डी. म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. त्यासाठी बाटली २७ अंशांवर ३ दिवस अंधारात ठेवतात. शिवाय कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त नकोत. कोथिंबिरीतून पोट बिघडतं ते या मैल्यातल्या जंतूंनी, आणि ते डी.ओ.त दिसतच नाहीत. म्हणजे माझं 'चांगलं आहे' दुपारीसुद्धा चुकीचंच होतं.

मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात. २०२२ मध्ये देशातले ३११ झाले, आपले मात्र ५५! हे पट्टे बी.ओ.डी.वरून ठरतात, आणि तो आकडा कुणीतरी काठावर उभं राहून भरलेल्या बाटलीतूनच येतो. ती बाटली नीट भरली नाही, तर पुढचं सगळं फुकट.

काकांना शोधून खरं सांगितलं. जुड्या विहिरीच्या पाण्याने धुवा म्हटलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "पहाटं वास येतो, ते मला ठावं होतं पोरी. पण तू बाटली घेऊन आलीस, म्हणून तुझं खरं मानलं."

तेव्हापासून कुणी काही विचारलं की 'चांगलं आहे' म्हणायच्या आधी मी दोनदा विचार करते. आणि हो, आपल्या मेसची कोथिंबीर कुठून येते, हेही एकदा विचारायला हवं, नाही का?