हापूसमधील साका : दोषाचे मूळ कोयीत

हापूस आंबा बाहेरून निर्दोष दिसत असूनही कापल्यावर कोयीलगतचा गर कधी कधी पांढरट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. या विकृतीला ‘साका’ म्हणतात. मुंबई इलाख्यातून युरोपला आंबा पाठवण्याचे प्रयोग झाले, त्या काळात, म्हणजे 1930च्या दशकाच्या पूर्वार्धात, चीमा आणि दाणी या संशोधकांनी तिची शास्त्रीय नोंद केली. साका झालेल्या गरात हवेच्या पोकळ्या आढळतात, आणि पिकताना ज्या पिष्टाची साखर व्हायची ते तिथे बऱ्याच अंशी तसेच राहते. फळ न कापता हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नसल्याने बागायतदार आणि ग्राहक दोघेही नाडले जातात.

कातळावरच्या बागांत तापलेल्या जमिनीची धग साका वाढवते, असे दीर्घकाळ मानले गेले, आणि झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यावर प्रमाण घटते, हा अनुभव त्याला पूरकच होता. पुढे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील अभ्यासाने लक्ष कोयीकडे वळवले. आंब्याच्या बीला सुप्तावस्था, म्हणजे रुजण्याआधीचा विश्रांतीचा काळ, जवळजवळ नसतो. त्यामुळे फळ झाडावर जून होत असतानाच बीमध्ये अंकुरणाची जैवरासायनिक तयारी सुरू होऊ शकते, आणि अशी कोय भोवतालच्या गरातील पाणी व अन्नद्रव्ये ओढू लागली की गराचे पिकणे बिघडते. उष्णतेचा जुना सिद्धांत यामुळे खोटा ठरत नाही, मात्र मुळाशी जाणारे स्पष्टीकरण हेच वाटते. फळ झाडावर असतानाच वापरायचे ‘अर्का साका निवारक’ हे द्रावण याच संशोधनातून पुढे आले.

दुसरा मार्ग संकराचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली, 1981 साली प्रसारित केलेली ‘रत्ना’ ही जात साक्यापासून मुक्त आहे. तथापि बाजारातील मागणी हापूसलाच असल्याने मूळ जातीवरचा उपाय टाळता येत नाही.

साठवणुकीचे शास्त्रही इथे तोडणीपासूनच सुरू होते, कारण शीतगृहात साका बरा होत नाही, आणि आंबा सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ ठेवल्यास थंडीनेच त्याला निराळी इजा होते. शिवाय फळ झाडावर जून होत जाते तशी कोयीची अंकुरणाची तयारी पुढे जाऊ शकते, आणि धगही साक्याला पोषक मानली जाते. म्हणून बागायतदारांनी फळ झाडावर पूर्ण जून होण्याची वाट न पाहता ते चौदा आण्यांवर, म्हणजे सुमारे 85 टक्के तयार असताना, देठासह झेल्याने उतरवावे आणि उन्हात न ठेवता लगेच सावलीत न्यावे.