दाद न देणारा जंतू आणि गावाचा निकाल

पैनगंगेकाठच्या आमच्या देऊळघाटात एका गृहस्थांना क्षय झाला. मुंबईत काही वर्षे कारखान्यात राबून ते गावी परतले होते. औषधे चालू असूनही खोकला हटेना. पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांचा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाही असे निघाले. गावाने ताबडतोब निकाल दिला : गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असणार! त्यांच्या पत्नीने गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवली होती, ती ती दाखवीत राहिली. पण ऐकतो कोण?

हा निकाल गावाचाच आहे असे नाही. शिकलेली माणसेही तोच देतात. २०११ च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेले एकही औषध त्यांच्या जंतूवर चालत नव्हते. 'पूर्णपणे औषधरोधक' या शब्दावरून बरेच वादंग माजले. त्या गदारोळात एक तपशील मागे पडला. चारपैकी तिघांना खासगी डॉक्टरांनी चुकीच्या मात्रेत, एकेक करून, देखरेखीविना औषधे दिली होती. म्हणजे दोष असलाच तर तो औषधचिठ्ठी लिहिणाऱ्या हातांचाही होता.

पण गोळी न चुकविणाऱ्याचे काय? त्याचे उत्तर जंतूच्या जनुकीय पोथीत सापडते. क्षयाच्या जंतूची ही संपूर्ण पोथी १९९८ मध्ये प्रथम वाचली गेली. अक्षरे सुमारे ४४ लाख, जनुके चार हजारांच्या आसपास. त्यातल्या एका जनुकात एका ठराविक जागी 'सी' ऐवजी 'टी' आले, की रिफाम्पिसिन हे हुकमी औषध निकामी होते. एवढ्या मोठ्या पोथीत एकच अक्षर! गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅट यंत्र अशा मोजक्याच जागा तपासते, म्हणून तासा-दोन तासांत उत्तर देते. संपूर्ण क्रमवाचनात मात्र सगळी पोथी उलगडते आणि अनेक औषधांचा निकाल एकदम लागतो.

शिवाय ती जंतूचा माग काढते, आणि मला हेच अधिक मोलाचे वाटते. हा जंतू फार सावकाश बदलतो. ढोबळमानाने दोन वर्षांत एखादे अक्षर. दोन रुग्णांच्या जंतूंत पाचाहून अधिक फरक नसला, तर लागण अलीकडेच, एकाकडून दुसऱ्याकडे किंवा दोघांना एकाच साखळीतून झाली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने जर्मन संशोधकांबरोबर मुंबई महानगरातील जंतूंचे असे वाचन केले. ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रिफाम्पिसिनबरोबरच फ्लुरोक्विनोलोन गटाच्या औषधांनाही न जुमानणारे जंतू तेथे मोठ्या प्रमाणावर आढळले आणि त्यामागे पूर्व आशियाई वंशाचे काही थोडे प्रबळ वाण होते. याचा साधा अर्थ असा, की कित्येकांच्या अंगात जंतू शिरला तोच औषधाला सरावलेला. लोकलच्या डब्यात, चाळीच्या खोलीत, कोंदट कारखान्यात कोणाच्या तरी खोकल्यातून तो आला. गोळ्या सोडण्याचा प्रश्न उद्भवण्याआधीच खेळ झालेला होता.

उपायही बदलले आहेत. बेडाक्विलिनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारक्रमाला भारत सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वी असे उपचार दीड-दोन वर्षे चालत. पण क्रमवाचन म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्यासाठी बहुधा बेडक्यातला जंतू आधी प्रयोगशाळेत वाढवावा लागतो आणि त्यात काही आठवडे जातात. त्या काळात रुग्ण घरातच असतो, घरात लहान मुले असतात. दुसरी अडचण खुद्द बेडाक्विलिनची. रिफाम्पिसिनसारखी त्याची एक ठराविक जागा नाही. बदल जनुकात कोठेही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५० हजारांहून अधिक जंतूंच्या आधारे अशा बदलांची सुधारित यादी काढली, तरी बेडाक्विलिनच्या अनेक बदलांपुढे प्रश्नचिन्हच आहे. तिथे यंत्र अक्षर दाखवते, अर्थ सांगत नाही. तेव्हा जंतू वाढवून त्यावर औषध टाकून पाहण्याची जुनी, संथ रीतच कामी येते.