गाडलेला माल आणि निळी कॅसेट

न उठलेल्या मालाचे काय करायचे, हे कापडवाल्याला शिकवावे लागत नाही. ताका गेला नाही तर कट-पीसवाल्याकडे, तिथेही नाही तर चिंधीच्या भावात, पण जातो. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने मात्र आपला पडून राहिलेला माल ट्रकांत भरला, कचऱ्याच्या खड्ड्यात टाकला आणि वर काँक्रीट ओतले. पुढे 30 वर्षांनी तोच माल उकरून काढला गेला आणि लिलावात विकला गेला. ही हकीगत व्यापारी बांधवांनी ऐकण्यासारखी आहे. माल होता व्हिडिओ गेमचा. पोरांचा खेळ म्हणून पान उलटू नका, आकडे मोठे आहेत.

कंपनी अटारी. 1977 साली तिने टीव्हीला जोडायचे यंत्र बाजारात आणले. त्यात प्लास्टिकची कॅसेट खुपसायची की खेळ सुरू. 1982 च्या जूनमध्ये ‘ई.टी.’ हा परग्रहावरच्या प्राण्याचा सिनेमा आला आणि तुफान चालला. त्यावर खेळ काढण्याचा हक्क अटारीच्या मालकांनी घेतला. दोन ते अडीच कोटी डॉलर मोजले, असे सांगतात. पण हा सौदा पुरा होईपर्यंत जुलै उजाडला आणि माल तर नाताळाच्या गिऱ्हाइकीला दुकानात हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कारीगराला खेळ रचायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. हाच इसम त्या आधी ‘यार्स रिव्हेंज’ हा अंतराळातल्या लढाईचा खेळ सवडीने करून बसला होता आणि तो खेळ आजही नावाजतात. म्हणजे हुन्नर कमी नव्हता, वेळ दिला नाही. घाईने काढलेल्या रंगाचे जे होते, तेच झाले. खेळातला प्राणी सारखा खड्ड्यात पडायचा आणि पोरे वैतागायची.

तरीही विक्री काही लाखांत झाली. मार बसला तो उत्पादनाचा. सुमारे 40 लाख कॅसेटी काढल्याचे सांगतात. मागल्या हंगामात माल कमी पडला म्हणून अटारीने दुकानदारांकडून वर्षभराच्या ऑर्डरी आगाऊ घेतल्या होत्या. दुकानदारांनी हिशेब केला, मागितले त्याच्या निम्मेच मिळते, तर दुप्पट लिहा. ईद-दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडेही हेच चालते, त्यामुळे आम्हाला नवल वाटले नाही. या वेळी सगळा माल हाती पडला, शिवाय दुसऱ्या कंपन्यांच्या कॅसेटींचा पूर आलेला. माल परत येऊ लागला. 1983 या एका वर्षात अटारीचा तोटा 50 कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेक्सासातील एल पासोहून ट्रक निघाले आणि न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा-डेपोत माल गाडला गेला.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच 1982 साली, त्याच अटारीच्या यंत्रासाठी, मेन-ए-व्हिजन नावाच्या एका कंपनीने ‘एअर रेड’ नावाचा खेळ काढला. उडती तबकडी चालवायची आणि शहरावर पडणारे बॉम्ब हवेतच उडवायचे. खेळ अगदी साधा आहे, त्यात विशेष असे काही नाही. कॅसेट मात्र निळी, वर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची मूठ. कंपनी हा एक खेळ काढून दिसेनाशी झाली. माल किती काढला कोण जाणे, पण आज जगात या कॅसेटी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. 2010 साली टेक्सासातल्या एका गृहस्थाच्या गॅरेजमधून ही कॅसेट निघाली, आणि तीही मूळ खोक्यासह. लिलावात 31,600 डॉलर आले, म्हणजे त्या वेळच्या भावाने चौदा लाख रुपये. 2012 साली दुसरा नग आला, खोका आणि माहितीपुस्तिका दोन्ही शाबूत. तो 33,433 डॉलरला गेला. नुसती कॅसेट विकायला आली तर गोष्ट काही हजार डॉलरांत आटोपते. बाकी सगळी किंमत पुठ्ठ्याची आहे! मिलचा शिक्का आणि लेबल शाबूत असलेला जुना ताका आणि तोच ताका लेबल फाटलेला, यातला फरक आमच्या वाचकांना सांगायला नको. मात्र इतका फरक आम्ही कापडात पाहिलेला नाही.

अलीकडे तर सील न तोडलेल्या खोक्याला तपासून दर्जाचा आकडा देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. 2021 च्या जुलैमध्ये अशा आकड्याच्या जोरावर ‘सुपर मारिओ 64’ चा एक बंद खोका 15 लाख 60 हजार डॉलरला गेला. हा खेळ काही दुर्मीळ नाही. असल्या भावाबद्दल आमचा मनात शक आहे. ज्या मालाचा साठा किती हे कोणालाच ठाऊक नाही, त्यात आम्ही तरी पैसा घालणार नाही.

हे वाचून कोणी माळ्यावर चढण्यापूर्वी एक सांगतो. 1990 नंतर आपल्या बाजारात टीव्हीला जोडायच्या खेळांच्या ज्या कॅसेटी आल्या, एकात शंभर खेळ, एकात हजार खेळ, त्या बहुतेक नकली होत्या. मूळ जपानी कंपनीचा माल तो नव्हे. भंगारवाला देईल तो भाव घ्यावा, नाहीतर नातवंडांना खेळू द्यावे.

तर अलामोगोर्डोचा खड्डा. गाडल्याची गोष्ट खरी की अफवा, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर 26 एप्रिल 2014 रोजी माहितीपट काढणाऱ्यांनी खोदकाम केले. कॅसेटी निघाल्या, सुमारे तेराशे. चेपलेल्या, कचऱ्याची घाण लागलेल्या. त्यांत ‘ई.टी.’ थोड्याच, बाकी दुसरे खेळ. नगरपालिकेने प्रत्येक नगाला आपला क्रमांक लावला, सोबत अस्सलपणाचा दाखला जोडला आणि इंटरनेटवर लिलाव मांडला. एका ‘ई.टी.’ ला 1,535 डॉलर आले. तीच कॅसेट स्वच्छ, चालू अवस्थेत जुन्या बाजारात काही डॉलरांत मिळते! दाम दाखल्याला मिळाला. एकूण 881 नग विकून सुमारे 1 लाख 8 हजार डॉलर जमले. टपालखर्च वजा जाता मोठा हिस्सा, 65 हजार, नगरपालिकेला मिळाला आणि 16 हजार तिथल्या इतिहास मंडळाला. एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. खड्डा पुन्हा बुजवला, बहुतेक माल आजही खालीच आहे. वर काढलेल्यांपैकी 297 नग मात्र गावाने त्या वेळी विकले नाहीत, पुढे भाव पाहून काढू म्हणून राखून ठेवले.