विद्यार्थिजीवनातील ताण आणि साधा घरगुती स्वयंपाक : पोफळी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील ताणाची चर्चा आज सर्वत्र होत आहे. समुपदेशन, योगासने, ध्यानधारणा, क्रीडा असे अनेक उपाय सुचविले जातात व ते उपयुक्तही आहेत. मात्र त्यांपैकी बहुतेकांसाठी वेगळी जागा, ठरलेली वेळ किंवा प्रशिक्षित व्यक्ती लागते. दिवसाचा मोठा भाग प्रवासात घालविणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याला हे सर्व सहज मिळत नाही. अशा विद्यार्थ्याच्या घरात एक साधन मात्र आधीपासूनच असते. ते म्हणजे स्वयंपाकघर. साधा स्वयंपाक ताण कसा हलका करतो, कोणत्या परिस्थितीत करतो आणि कोणत्या परिस्थितीत तोच ताणाचे कारण ठरतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी परिसराची खाद्यपरंपरा आधाराला घेतली आहे.

पोफळी हे चिपळूण तालुक्यातील गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे भूमिगत वीजगृह येथे असून १९६० च्या दशकापासून या गावाची ओळख त्या प्रकल्पाशी जोडली गेली. घाटावर ज्वारी-बाजरीची भाकरी, तर घाटाखाली तांदळाची भाकरी, अशा दोन खाद्यप्रदेशांच्या सीमेवर हा परिसर येतो. उच्च शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्याला चिपळूण हे जवळचे शहर असून काही विद्यार्थी पुढे पुणे-मुंबईची वाट धरतात.

अभ्यासातील ताणाचे स्वरूप

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये शरीराच्या ताणविषयक प्रतिसादाची शास्त्रीय मांडणी केली. त्याआधी, १९०८ मध्ये, यर्क्स व डॉडसन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले होते की, अवघड काम शिकताना मध्यम उत्तेजना पोषक ठरते, पण तीव्र उत्तेजना शिकण्याला मारक ठरते. म्हणून ताणाचे पूर्ण उच्चाटन हे उद्दिष्ट असू शकत नाही. तो पेलण्याजोगा राहावा, एवढीच अपेक्षा योग्य ठरते.

अभ्यास या कामाची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेतली पाहिजेत. पहिले, अभ्यास कधी संपला असे म्हणता येत नाही. एक प्रकरण वाचून झाले तरी दुसरे उरतेच. दुसरे, त्याचे फळ उशिरा मिळते आणि ते दुसऱ्याच्या हाती असते. परीक्षा दिल्यानंतर निकाल लागेपर्यंत आपण काय साधले, हे विद्यार्थ्याला कळत नाही. कष्ट आजचे व फळ अनिश्चित, या अवस्थेत मन थकते. हा थकवा केवळ विश्रांतीने जात नाही, कारण अंथरुणावर पडले तरी अपुऱ्या कामाची टोचणी कायम राहते.

स्वयंपाकाने ताण का हलका होतो

स्वयंपाकाचे स्वरूप नेमके याच्या उलट आहे. कुळथाचे पिठले पंधरा-वीस मिनिटांत तयार होते. फोडणी तडतडली की नाही, पिठाच्या गुठळ्या झाल्या की नाही, मीठ कमी पडले की काय, हे तत्काळ कळते व चूक लगेच सुधारता येते. काम सुरू होते, पुढे सरकते आणि निश्चितपणे संपते. त्याचे फळ ताटात दिसते.

मानसशास्त्रातील तीन संकल्पनांच्या आधारे हे स्पष्ट करता येईल. मिहाय चिकसेंटमिहाय यांनी ‘तल्लीनते’ची संकल्पना मांडताना तिच्या अटी सांगितल्या : स्पष्ट उद्दिष्ट, तत्काळ मिळणारा प्रतिसाद आणि कौशल्याच्या आवाक्यातील आव्हान. तव्यावर घावन घालताना या तिन्ही अटी पूर्ण होतात. पीठ पातळ हवे, तवा पुरेसा तापलेला हवा आणि झाकण योग्य क्षणी काढायला हवे. त्यामुळे लक्ष दुसरीकडे भरकटण्यास वाव उरत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘स्वक्षमतेची जाणीव’ ही संकल्पना मांडली. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव हा या जाणिवेचा सर्वांत प्रबळ स्रोत होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तिसरी संकल्पना पीटर लेविन्सन यांच्या १९७० च्या दशकातील कार्याशी संबंधित आहे. सुखद फळ देणाऱ्या कृती आयुष्यातून कमी झाल्या की खिन्नता वाढते. म्हणून मन प्रसन्न होण्याची वाट न पाहता आधी लहानशी कृती सुरू करावी, या विचारातून पुढे एक उपचारपद्धतीच विकसित झाली.

अलीकडील संशोधनही याच दिशेने जाते. न्यूझीलंडमध्ये ६५८ तरुण विद्यार्थ्यांनी १३ दिवस नोंदी ठेवल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, ज्या दिवशी सर्जनशील कृती अधिक घडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्साह व समाधान वाढलेले होते. मात्र हा अभ्यास एकूण सर्जनशीलतेचा होता, केवळ स्वयंपाकाचा नव्हे. स्वयंपाकावर आधारित उपक्रमांच्या मानसिक लाभांचा आढावा २०१८ मध्ये घेण्यात आला. त्यात निकषांत बसणारे केवळ ११ अभ्यास मिळाले. निष्कर्ष अनुकूल होते, परंतु अभ्यासांची संख्या व पद्धती यांच्या मर्यादाही आढावा घेणाऱ्यांनी नोंदविल्या. तेव्हा स्वयंपाक हे औषध आहे, असा दावा करता येणार नाही. तो एक सुलभ आधार आहे, असे म्हणणे युक्त ठरेल.

परिसरातील पदार्थ आणि भाजण्याची परंपरा

ताण हलका करण्यासाठी निवडलेला पदार्थ साधा असावा, साहित्य घरातले असावे आणि फसला तरी नुकसान अल्प असावे. या कसोटीला कोकणातील अनेक पदार्थ उतरतात. मऊ भात व मेतकूट, कुळथाची पिठी, तांदळाचे घावन हे पदार्थ अर्ध्या-पाऊण तासात होतात. आंबोळीचा स्वभाव वेगळा आहे. तांदूळ व उडीद भिजवून, वाटून पीठ रात्रभर ठेवावे लागते. रात्री अभ्यास आटोपल्यावर पीठ झाकून ठेवायचे आणि सकाळी ते फुगलेले पाहायचे, यात घाई चालत नाही. काही गोष्टींना त्यांचा वेळ द्यावाच लागतो, हे ते पीठ न बोलता शिकविते.

केक, बिस्किटे यांमुळे भाजणे ही शहरी व परकी कला आहे, असा समज आढळतो. कोकणात मात्र भट्टीशिवाय भाजण्याची जुनी रीत आहे. ‘धोंडस’ अथवा ‘तवसाळी’ हे तिचे उत्तम उदाहरण होय. पावसाळ्यात येणारी मोठी जून काकडी, म्हणजे तवस, किसून तिच्या सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा शिजविला जातो. त्यात गूळ, ओले खोबरे, किंचित मीठ व वेलची घालून मिश्रण तूप लावलेल्या पातेल्यात ओततात. पातेल्याखाली मंद आच आणि वरच्या झाकणावर निखारे, अशी दोन्ही बाजूंनी उष्णता दिली जाते. आज चूल नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवरही ते जमते. प्रेशर कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी व रबर काढून त्यात केक भाजण्याची घरगुती पद्धत याच तत्त्वावर चालते. कुकरमध्ये वाफ कोंडू न देता कोरडी उष्णता सर्व बाजूंनी खेळविणे, हे ते तत्त्व. शिट्टी व रबर काढणे ही येथे सुरक्षिततेची आवश्यक अट आहे.

भाजण्याचा आणखी एक गुण असा की, त्यात मोजमाप लागते. मराठीत पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ (१८७५) या ग्रंथापर्यंत मागे जाते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजविले. प्रमाण लिहिलेले असल्यामुळे आईच्या हाताखाली वाढण्याची संधी न मिळालेला किंवा घरापासून दूर खोली घेऊन राहणारा विद्यार्थीही पदार्थ करू शकतो. घरून दूर असलेल्यासाठी ओळखीचा वास हाच अर्धा दिलासा असतो.

आवड आणि सक्ती यांतील भेद

येथवरचे विवेचन वाचून एक आक्षेप उपस्थित होईल व तो रास्त आहे. अनेक विद्यार्थिनी रोजच स्वयंपाक करतात. मग त्यांचा ताण कमी का होत नाही? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, कुटुंबासाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. सकाळी भाकऱ्या थापून एसटी गाठणाऱ्या व संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या मुलीला ‘स्वयंपाकाने मन हलके होते’ असे सांगणे ही तिची थट्टाच ठरेल.

या आक्षेपातच विषयाचे मर्म आहे. दिलासा पदार्थात नसून निवडीत असतो. काय करायचे, केव्हा करायचे आणि आज करायचे की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य असेल, तरच स्वयंपाक विरंगुळा होतो. जे काम न केल्यास बोल लागतो व केल्यास कोणी दखल घेत नाही, ते कामच असते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मुलग्यांना स्वयंपाक शिकविल्याने त्यांना एक आधार मिळतो. आणि त्याच वेळी घरातील मुलीचा भार हलका होऊन तिलाही एखाद्या रविवारी केवळ आवडीसाठी धोंडस करण्याची मोकळीक मिळते. एकाच कृतीने दोघांचा ताण कमी होण्याची ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मर्यादा व महाविद्यालयाची भूमिका

स्वयंपाक हा अभ्यास टाळण्याचा बहाणाही होऊ शकतो. त्यासाठी वेळेची मर्यादा ठरवून घेणे इष्ट होय. खाण्याविषयी मनात भीती वा अपराधभाव असलेल्या विद्यार्थ्यांना हा उपाय सरसकट सुचवू नये. झोप व भूक दीर्घकाळ बिघडणे, एकलकोंडेपणा, जगण्याविषयी निराशेचे उद्गार ही लक्षणे दिसल्यास स्वयंपाक वा अन्य छंद पुरेसे ठरत नाहीत. अशा वेळी तज्ज्ञाची मदत आवश्यक असते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे व ती प्राध्यापकांनी वर्गात अवश्य सांगावी.

महाविद्यालयाला या बाबतीत फार मोठा खर्च करावा लागणार नाही. वसतिगृहात देखरेखीखाली वापरता येईल असा एक सामाईक ओटा, आठवड्यातील एक ठरलेली वेळ आणि मुले-मुली दोघांचा सहभाग एवढी व्यवस्था पुरेशी आहे. मात्र त्याला पाककला स्पर्धेचे रूप देण्याचा मोह टाळावा. गुण, क्रमांक व परीक्षक आले की अभ्यासातील ताणच ओट्यावर येऊन बसतो. पदार्थ करावा, चार जणांनी वाटून खावा, भांडी सर्वांनी मिळून घासावीत. मूल्यमापन एवढेच असावे.

समारोप

साधा स्वयंपाक विद्यार्थ्याच्या अडचणी सोडवीत नाही. अभ्यासक्रम, परीक्षा व नोकरीची चिंता जागच्या जागी राहतात. तो देतो ती एक छोटी, पूर्ण होणारी व वाटून घेता येणारी कृती. ज्याचे सारे श्रम उद्याच्या निकालाकडे डोळे लावून चाललेले असतात, त्याला आज संध्याकाळी काहीतरी आपल्या हातून नीट झाले, याचा अनुभव मोलाचा असतो. हा अनुभव मुलग्यांना अपरिचित आणि मुलींना सक्तीचा राहू नये, याची काळजी घर व महाविद्यालय दोघांनी घेतल्यास पोफळीसारख्या गावातील स्वयंपाकघरही विद्यार्थिकल्याणाचे एक साधन ठरू शकेल.