राणीच्या बागेतली जुनी मुंबई

राणीच्या बागेत येणारी बहुतेक कुटुंबं थेट पेंग्विन पाहायला जातात. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची देखणी इमारत उभी आहे. तिच्यात शिरणारे त्या मानाने थोडे. यात मुंबईकराचं मोठं नुकसान आहे. हे शहर कसं घडलं ते नकाशे, शिलाछाप चित्रं, छायाचित्रं आणि छोट्या प्रतिकृतींमधून दाखवणारा असा संग्रह सामान्य माणसाला सहज पाहता यावा, अशा जागा फार नाहीत.

पायाभरणी १८६२ची, दारं उघडली २ मे १८७२ला. मधल्या दहा वर्षांत मुंबईने बरंच पाहिलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, पैसा वाहिला आणि १८६५मध्ये शेअरबाजार कोसळला. डॉ. भाऊ दाजीही त्यात पोळले. संग्रहालयासाठी झटलेले नाना शंकरशेट त्याच वर्षी वारले. गोव्यातल्या मांद्र्याहून मुंबईला आलेले भाऊ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर आणि तितकेच पट्टीचे पुराणवस्तुसंशोधक. जॉर्ज बर्डवूड यांच्या बरोबरीने त्यांनी हे काम उचललं होतं. तरी इमारतीला नाव मिळालं व्हिक्टोरिया राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं. भाऊंचं नाव यायला १९७५ साल उजाडावं लागलं.

वरच्या मजल्यावरच्या मुंबई दालनात आधी नकाशांपाशी थांबावं. सात बेटं आपण शाळेत पाठ केलेली असतात, पण भराव कुठे पडला आणि का पडला, हे नकाशापुढे उभं राहिल्यावर उमगतं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये एक खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत घुसे आणि आजच्या कामाठीपुरा-भायखळ्याकडच्या सखल भागात पसरे. १७८०च्या दशकात गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखला जाणारा बांध पुरा झाला, पाणी अडलं आणि बेटांमधली जमीन वर आली. कोटाच्या भिंती १८६०च्या दशकात पाडल्या, तशी वस्ती बाहेर पसरायला मोकळी झाली. तटबंदी गेल्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी जुनी माणसं अजून ‘कोटात जातो’ म्हणतात.

माझ्या लेखी या संग्रहाचा प्राण मात्र मातीच्या छोट्या मूर्तींत आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स विसाव्या शतकाच्या आरंभी संग्रहालयाचे अभिरक्षक होते. त्यांच्या काळात आणि पुढेही अशा प्रतिकृती घडवल्या गेल्या. नाना जातींची, धर्मांची, धंद्यांची माणसं; त्यांची पागोटी, पगड्या, लुगडी, दागिने. पगडीची घडी आणि नेसण्याची तऱ्हा इतकी नेमकी की कपड्यांचा अभ्यास करणाऱ्याने तासन् तास बसावं. पण ही मांडणी करणारी नजर सरकारी होती, हे विसरून चालणार नाही. माणसाला त्याच्या जातीचा नमुना म्हणून उभं केलं की त्याचं नाव, गाव, दुखणं बाहेरच राहतं. मूर्ती घडवणाऱ्या बहुतेक हातांचीही नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. कौतुक करताना एवढं भान ठेवायलाच हवं.

इमारतीचीही दशा झाली होती. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी २००३पासून मिळून तिची डागडुजी केली. ओतीव लोखंडाचे खांब, फरशा, सोनेरी नक्षी पुन्हा उजळली. युनेस्कोने २००५मध्ये या कामाला गौरवलं आणि २००८मध्ये दारं पुन्हा उघडली. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, तोही चुकवू नये. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला, आणि १९१४मध्ये तुकडे जुळवून पुन्हा उभा केला गेला.

संग्रहालयाच्या चहूबाजूंना भायखळा, लालबाग, परळ, म्हणजे गिरणगाव पसरलेलं आहे. मुंबईच्या श्रीमंतीचा पाया ज्यांनी घातला, त्या गिरणी कामगारांना साहेबी काळातल्या संग्रहात मोठी जागा मिळणं शक्यच नव्हतं. त्यांचे कागद आजही चाळींतल्या पत्र्याच्या ट्रंकांत आहेत: हजेरीची कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, गणपतीतले आणि भजनी मंडळांचे फोटो. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत आणि घर बदलताना या ट्रंका आधी रद्दीवाल्याकडे जातात. तुमच्या घरी असं काही असेल तर टाकू नका. फोटोतल्या माणसांची नावं, गिरणी आणि साल मागे पेन्सिलीने लिहा, जाणत्या माणसांना विचारून आजच लिहा, आणि एखाद्या संग्रहालयाला किंवा अभिलेखागाराला दाखवा.